ओवाळणी आणि हक्कसोड पत्र

फराळाचा डबा जवळ घेऊन ऐकत असाल, तर उत्तम. आज भाऊबीजेबद्दल बोलायचंय. आणि थोडं माझ्या लाजेबद्दलही.

गोष्ट तुम्हाला माहिती असेल. यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला, तिनं त्याला ओवाळलं. तो दिवस कार्तिक शुद्ध द्वितीया, म्हणून ही यमद्वितीया. मला यातलं एकच आवडतं: भावानं बहिणीच्या घरी जायचं. ज्याला सगळं जग घाबरतं, तोसुद्धा तिच्या दारात पाहुणा!

आता माझी गोष्ट. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. कराडजवळ आमची वडिलोपार्जित साडेतीन एकर जमीन. सातबाऱ्यावर आई, ताई आणि मी, अशी वारस नोंद झाली. काका म्हणाले, "भाऊबीजेला जातोयस ना? तेव्हाच सही घे. भारीतली साडी ने. बहिणी सोडतातच हक्क."

मी बीटेक झालेला माणूस. ऑफिसात कोणाच्या कोडची एक ओळ न वाचता पास करत नाही. पण हे मात्र लगेच मान्य केलं. बॅगेत वर साडी, खाली हक्कसोड पत्राचा मसुदा.

ताईनं पाटावर बसवलं, कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठीनं ओवाळलं, मग निरांजनानं. मी तबकात साडी ठेवली. जेवणं झाल्यावर चाचरत कागद काढला.

तिनं तो उघडलासुद्धा नाही. "पेन दे," म्हणाली.

"अगं, वाच तरी."

"वाचून काय करू? पुढच्या वर्षी येशील ना तू?"

मंडळी, माझा घास तिथंच अडकला असता, बरं झालं जेवण झालं होतं. मी येत राहावं, माहेर टिकावं, म्हणून ती जमिनीचा हिस्सा मोजून द्यायला तयार होती. मी कागद परत बॅगेत टाकला.

परतीच्या एसटीत मोबाईलवर कायदा वाचत बसलो. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच या दिशेनं दुरुस्ती केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क आहे. लग्न झालं तरी तो जात नाही. त्या तारखेला वडील हयात नसले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं.

हक्कसोड पत्र बेकायदेशीर नाही हं. बहीण समजून-उमजून, स्वखुशीनं ते करू शकते, रीतसर नोंदणी करून. पण ओवाळून झाल्या झाल्या मागितलेली सही स्वखुशीची कशी म्हणायची?

ताईचं नाव सातबाऱ्यावर आहे. उसाचं बिल आलं की तिचा वाटा तिच्या खात्यात जातो. काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. चालतंय.

यंदा जाल तेव्हा ओवाळणी काय न्यायची, ते तुमचं तुम्ही ठरवा. कागद मात्र घरी ठेवा. बोलायचंच असेल तर वेगळा दिवस काढा, आणि आधी तिला वाचायला द्या.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, ताईला फोन करा!