जुनी छायाचित्रे आणि सर्कशीतील माणसे

(गोंदिया जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्यांसमोरील भाषण)



‘गोंदिया’ हे नाव रोमन लिपीत वाचणारा परका माणूस ते सहज ‘गोंडिया’ असे उच्चारतो. कारण त्या लिपीत द आणि ड यांना एकच अक्षर आहे. जुन्या छायाचित्रांखाली छापलेल्या सर्कस कलावंतांच्या नावांचीही हीच गत होते.

विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुढे केरळातील तलश्शेरी येथे कीलेरी कुन्हिकण्णन यांनी अनेक शिष्य घडविले. भारतीय सर्कशीत मराठी व मलयाळी कलावंत एकत्र आले ते असे. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे हिंस्र पशूंचे शिक्षक म्हणून १९४० मध्ये अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत गेले. तेथील छायाचित्राखालचे त्यांचे नाव मूळ उच्चार ठाऊक नसलेला वाचक ‘डामू ढोट्रे’ असे वाचील. केरळातील प्रघात आणखी निराळा. तेथे रोमन लिपीत त साठी टी आणि एच ही दोन अक्षरे लिहितात. म्हणून ‘लता’ आपल्याकडे ‘लथा’ होते.

चेहऱ्याची ओळखही तितकीच नाजूक आहे. सर्कशीतील पोशाख एकाचा दुसऱ्याला चढतो, आणि ‘प्रोफेसर’, ‘कॅप्टन’ या पदव्या अनेकांनी लावलेल्या असतात. तेव्हा केवळ पोशाखावरून वा पदवीवरून नाव ठरवू नये.

असे छायाचित्र हाती आल्यास त्याची मागील बाजू प्रथम पाहावी. तेथे ‘जिल्हा भंडारा’ असे असले तरी गाव आजच्या गोंदिया जिल्ह्यातील असू शकेल, कारण हा जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. नंतर वेगळ्या कागदावर डावीकडून क्रमांक देऊन वृद्ध जाणकारांना एकेकटे विचारावे. त्यांनी उच्चारलेले नाव देवनागरीत जसेच्या तसे लिहावे. सांगणाऱ्याचे नाव व दिनांक नोंदवावा आणि अंदाजापुढे प्रश्नचिन्ह करावे. छायाचित्रावर शाईने मुळीच लिहू नये.

हे काम शाळेला व ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला सहज करता येईल. मात्र त्यास विलंब परवडणारा नाही. झुल्यावर जीव धोक्यात घालणाऱ्या कितीतरी स्त्री-पुरुषांच्या चित्राखाली नावच नाही. त्यांना ओळखणारी पिढी थकत चालली आहे. ती आहे तोवर विचारले, तरच ही नावे उरतील.