फोन नंबर हा आकडा नसतो

(कार्यकर्ता प्रशिक्षण शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



शिष्यवृत्ती, रक्तदान, कायदेविषयक मदत या विषयांवर सकाळपासून जाणती माणसं तुमच्याशी बोलली. माझ्या वाट्याला आलाय तो या सगळ्या कामांच्या फॉर्ममधला एक रकाना : मोबाइल नंबर. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर डेटाबेसमध्येच असतो, म्हणून संयोजकांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला. जेवणानंतरच्या वेळेला विषय जरा कोरडा आहे, मला कल्पना आहे. पण तुम्ही घरोघर जाऊन भरून आणलेले फॉर्म पुढे कामाला येणार की नाहीत, हे बऱ्याचदा या एका रकान्यावर ठरतं. नाव थोडं चुकलं तरी माणूस सापडतो. पत्ता अर्धा असला तरी मोहल्ल्यात विचारता येतं. नंबरातला एक अंक चुकला की माणूस हातचा गेला.

फोन नंबरला आपण 'नंबर' म्हणतो, पण त्याची आपण कधी बेरीज करत नाही. दोन नंबरांपैकी मोठा कोणता, या प्रश्नाला काही अर्थ नाही. तो अंकांत लिहिलेला पत्ता आहे. म्हणून डेटाबेसमध्ये त्याचा रकाना मजकुराचा ठेवायचा, संख्येचा नाही. नवशिका प्रोग्रामर हमखास 'इंटिजर' निवडतो, कारण दिसतात तर अंकच. नेहमीच्या ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे २१४७४८३६४७. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे त्यातला एकही तिथे मावत नाही. जुन्या मायएसक्यूएलची सैल सेटिंग असेल तर ते तक्रारही करत नाही, प्रत्येक ओळीत हीच कमाल संख्या भरून मोकळं होतं. कुठल्याही यादीत हा नंबर पुन्हा पुन्हा दिसला की समजा, खरे नंबर कधीच साठले नाहीत. गंमत म्हणजे तो दिसतोही फोन नंबरासारखाच. अमेरिकेत २१४ हा डॅलस शहराचा कोड आहे.

तुमच्यापैकी बरेचजण म्हणतील, आमचा डेटाबेस कुठला, आमचं सगळं एक्सेलमध्ये. मग तर जास्तच सांभाळा. ९१ लावून लिहिलेला नंबर बारा अंकी होतो. बारा अंकी संख्या एक्सेल आपणहून शास्त्रीय पद्धतीने दाखवतं : ९.१९८ असं काहीतरी, पुढे ई, पुढे अधिक ११. तोवर नंबर आत शाबूत असतो. पण ती फाइल त्याच अवस्थेत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतं तेच लिहिलं जातं. सुरुवातीचे पाच-सहा अंक राहतात, बाकीचे गेले, आणि ते परत आणायला कुठलाही इंजिनिअर उपयोगाचा नाही. सुरुवातीचं शून्य आणि अधिकचं चिन्ह तर एक्सेल न विचारता काढून टाकतं. उपाय सोपा आहे. नंबर भरण्याआधी पूर्ण रकाना निवडून त्याचं स्वरूप 'टेक्स्ट' करा. आणि दुसऱ्याने पाठवलेली सीएसव्ही डबल क्लिक करून उघडू नका. डेटा मेनूतून आयात करा आणि तिथे फोनचा रकाना 'टेक्स्ट' आहे असं सांगा.

आता, साठवायचं कसं? जगभर यासाठी एक पद्धत ठरलेली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची ई.१६४ ही शिफारस. आधी अधिकचं चिन्ह, मग देशाचा कोड, मग देशांतर्गत नंबर, मध्ये कुठेही जागा, कंस किंवा आडवी रेघ नाही. चिन्ह सोडून जास्तीत जास्त १५ अंक. म्हणजे रकाना सोळा अक्षरांचा ठेवला की पुरे. आपला मोबाइल त्यात +९१ आणि पुढे दहा अंक असा बसतो. लँडलाइनही बसते. रत्नागिरीचा ०२३५२ मधलं पहिलं शून्य गाळलं की २३५२ आणि पुढचे सहा अंक, एकूण पुन्हा दहाच. मुंबईचा २२ आणि पुढे आठ. मात्र 'पहिला अंक ६ ते ९ असलाच पाहिजे' असा नियम टाकलात तर शाळेच्या ऑफिसचा फोन फॉर्ममध्ये शिरणारच नाही.

खरी अडचण 'दहा अंक' या नियमाची आहे. गुगल फॉर्म असो की एखाद्या संस्थेची वेबसाइट, नियम एकच असतो : बरोब्बर दहा अंक. आता रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या आपल्या घरांचा विचार करा. अब्बा कुवेतमध्ये, चाचा कतारमध्ये, भाऊ सौदीत. पालकाचा नंबर म्हणून मुलगी वडिलांचा नंबर लिहिते आणि फॉर्म लाल होतो. कुवेत, कतार, बहरीन, ओमान या चारही देशांत मोबाइल नंबर आठ अंकी आहेत. सौदी आणि अमिरातीत नऊ अंकी, आणि तिथल्या तिथे लावताना आधी शून्य. म्हणजे अमिरातीतला माणूस स्थानिक सवयीने शून्य लावून लिहील तेव्हा अंक भरतात दहा! फक्त अंक मोजणारा नियम तो हसत हसत आत घेईल आणि आपण त्याला +९१ चिकटवून टाकू.

यापेक्षा वाईट एक युक्ती आहे. ती इतकी सर्रास वापरली जाते की मी आज मुख्यतः तिच्याबद्दलच बोलायला आलोय. कुणी ० लावतं, कुणी ९१, कुणी +९१, कुणी ००९१. या सगळ्यावर तोडगा म्हणून लोक एक्सेलमध्ये सूत्र टाकतात : उजवीकडचे शेवटचे दहा अंक घ्या. भारतीय नंबरांना हे चालतं. आता कुवेतचा नंबर घ्या. कोड ९६५, पुढे आठ अंक, एकूण अकरा. शेवटचे दहा घेतले की पहिला ९ गळतो आणि हातात येतो ६५ ने सुरू होणारा दहा अंकी नंबर. भारतीय मोबाइल ६ ने सुरू होऊ शकतो. तपासणी पास! कतारचा कोड ९७४, उरतं ७४. बहरीन ९७३, उरतं ७३. ओमान ९६८, उरतं ६८. सौदीचा कोड ९६६ आणि पुढे ५ ने सुरू होणारे नऊ अंक, एकूण बारा. पहिले दोन गेले की पुन्हा ६५. म्हणजे आखातातल्या पाच देशांचे नंबर या सूत्रातून अस्सल भारतीय दिसणारे नंबर होऊन बाहेर पडतात. 'तुमच्या मुलीच्या अर्जात उत्पन्नाचा दाखला नाही, उद्या शेवटची तारीख' हा मेसेज मग देशातल्या कुठल्या तरी अनोळखी माणसाला जातो. कुठेही एरर येत नाही. वडील कुवेतमध्ये समजतात, संस्थेने काही कळवलंच नाही.

म्हणून कापाकापी करायची नाही. आधी देश विचारायचा. यादीत भारत आधीच निवडलेला ठेवा म्हणजे बहुतेकांना काही करावं लागणार नाही. मग अंकांची संख्या बघून निर्णय घ्या. भारत निवडलाय आणि अंक दहा आहेत, तर जसाच्या तसा ठेवा. अकरा आहेत आणि पहिला शून्य, तर शून्य काढा. बारा आहेत आणि सुरुवात ९१ ने, तर ९१ काढा. चौदा आहेत आणि सुरुवात ००९१ ने, तर ते चार काढा. बाकी काहीही असेल तर माणसाला विचारा. 'सुरुवातीचे ९१ काढा' असा आंधळा नियम मात्र नको, कारण भारतात ९१ ने सुरू होणारे दहा अंकी मोबाइल नंबर आहेत. त्यांचे दोन अंक उडवले तर ते आठ अंकी होतात. शून्याचाही नियम सगळीकडे सारखा नाही. इटलीच्या लँडलाइनचं शून्य परदेशातून लावतानाही ठेवावं लागतं.

जे कोड लिहितात त्यांच्यासाठी : हे सगळं हाताने लिहीत बसू नका. गुगलची लिबफोननंबर ही मुक्त लायब्ररी आहे, फुकट आहे, पायथन आणि पीएचपीमध्येही तिची रूपं मिळतात. प्रत्येक देशाचे नियम तिच्यात आहेत आणि ते बदलतात तशी ती अद्ययावत होते. 'लांबी जमते का' आणि 'असा नंबर त्या देशात असू शकतो का' हे दोन प्रश्न ती वेगवेगळे विचारू देते. पहिल्याचं उत्तर नाही आलं तर अडवा. दुसऱ्याचं नाही आलं तर फक्त 'एकदा तपासाल का?' असं विचारा, आणि माणूस हो म्हणाला तर घ्या. त्याने मुळात जे टाइप केलं तेही वेगळ्या रकान्यात जपून ठेवा. उद्या आपला नियम चुकीचा निघाला तर मूळ तरी हाताशी असेल.

आपल्या भाषांच्या दोन अडचणी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत. मराठी कीबोर्डवर देवनागरी अंक येतात, उर्दू कीबोर्डवर उर्दू अंक. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट 'कोणताही अंक' या खुणेखाली फक्त इंग्रजी अंक धरते. पायथन तिन्ही धरतं. एकीकडे खाला व्यवस्थित नंबर लिहिते आणि फॉर्म म्हणतो, 'फक्त अंक लिहा'. दुसरीकडे तो नंबर उर्दू अंकांतच साठतो आणि शोधताना सापडत नाही. तपासणीच्या आधी सगळे अंक इंग्रजीत बदलून घेतले की काम झालं. दहा-दहा अंकांचे दोन तक्ते, पाच मिनिटांचं काम. दुसरं, उर्दू फॉर्ममध्ये ओळ उजवीकडून सुरू होते, त्यामुळे अधिकचं चिन्ह कधी नंबराच्या भलत्याच टोकाला दिसतं. फोनच्या खान्याची दिशा डावीकडून उजवीकडे अशी वेगळी सांगून ठेवा. कॉन्टॅक्टमधून नंबर कॉपी केला की दिशा सांगणारी न दिसणारी चिन्हंही कधीकधी सोबत येतात. तीही गाळा.

फोनवरून किंवा समोर बसून नंबर लिहून घेताना एक-एक अंक परत वाचून दाखवा. जोडीने वाचू नका. आपल्यात कुणी मराठी माध्यमातलं, कुणी उर्दू. उर्दूतलं 'उनासी' म्हणजे ७९ आणि 'नवासी' म्हणजे ८९. मराठीत तेच एकोणऐंशी आणि एकोणनव्वद. गडबडीत यात अंक बदलतो, आणि बदललेला नंबरही दहा अंकीच असतो. कुठलीही तपासणी तो पकडणार नाही.

आता एका घरात एकच फोन असण्याबद्दल. डेटाबेस बनवणारा सहज ठरवून टाकतो की एका नंबरावर एकच नोंद. मग तीन बहिणींपैकी पहिलीचा अर्ज भरला जातो आणि दुसरीला उत्तर मिळतं, 'हा नंबर आधीच नोंदलेला आहे'. ती काय करते? शेवटचा अंक बदलते, किंवा कार्यकर्ता स्वतःचा नंबर टाकून देतो. एका संस्थेच्या यादीत मी पानभर नावांपुढे एकच नंबर पाहिलाय. तो फॉर्म भरून देणाऱ्या पोराचा होता, आणि तो पोरगा नंतर नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. नंबर ही माणसाची ओळख धरू नका. माणसांचा तक्ता वेगळा, फोनचा वेगळा. एका माणसाचे दोन फोन असू शकतात, एका फोनवर पाच माणसं असू शकतात. सोबत 'हा फोन कुणाचा' हा रकाना ठेवा : स्वतःचा, अम्मीचा, शेजाऱ्यांचा. आणि 'फोन नाही' असं लिहायचीही सोय ठेवा, नाहीतर दहा वेळा ९ दाबून लोक पुढे जातील.

नंबराचं रूप बरोबर आहे म्हणजे तो लागतो असं नाही. ओटीपी पाठवायचा तर 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांप्रमाणे आधी संस्थेची, मेसेजच्या शीर्षकाची आणि मजकुराची नोंदणी करावी लागते. लहान गटाला ते जड जातं. आपला मिस्ड कॉल चांगला. साध्या फोनवरूनही होतो, पैसे लागत नाहीत, आणि नंबर खरा असल्याचं तिथल्या तिथे कळतं. ज्या दिवशी कळलं ती तारीख नोंदवा. कारण बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. दोन वर्षांपूर्वी तपासलेला नंबर आज त्याच माणसाकडे असेल असं धरू नका. कंपनी किंवा गाव पहिल्या चार अंकांवरून ओळखायची सवयही सोडा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते.

आणि नाव, मोहल्ला, नंबर असलेली यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एवढंच सांगतो, यावर वेगळं सत्र आहे.

शेवटी मदतकेंद्राच्या फॉर्मबद्दल, कारण तिथे हे सगळं सर्वांत जास्त जपावं लागतं. पोटगीसाठी, मारहाणीसाठी, एकतर्फी तलाकच्या प्रकरणात सल्ला मागायला बाई येते आणि नंबर देते. नंबर दहा अंकी आहे, भारतीय आहे, चालू आहे, मिस्ड कॉलही आलाय. आपल्या सगळ्या तपासण्या तो पार करतो. आणि तो नवऱ्याचा असतो, किंवा घरात सासू उचलते तो. आपण संध्याकाळी फोन करून म्हणतो, 'मदतकेंद्रातून बोलतोय'. म्हणून त्या फॉर्ममध्ये नंबरखाली आणखी तीन रकाने मी घालायला सांगतो, आणि ते रिकामे ठेवून फॉर्म पुढे जाऊ देत नाही. या नंबरावर फोन केला तर चालेल का? कोणत्या वेळी? दुसऱ्या कुणी उचलला तर आम्ही कोण म्हणून सांगायचं? तिसऱ्या रकान्यात बायका काय काय लिहितात बघा. 'शिवणक्लासच्या बाई.' 'गॅसवाले.' 'मुलाच्या शाळेतून.' फोन लावणाऱ्याने तो रकाना आधी वाचायचा, मग नंबर लावायचा.