नोकरीचा अर्ज आणि मुलाखत
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गाणी, पाककृतींची स्पर्धा आणि हळदीकुंकू यांच्या मधोमध नोकरीच्या अर्जासारखा रुक्ष विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु गेल्या वर्षभरात ज्या मुली आणि सुना हातात कागदांची पिशवी घेऊन माझ्या दारी आल्या, त्यांच्याकडे पाहिले तर आज बोलण्यासारखा दुसरा विषय मला तरी सुचत नाही. मी एका शाळेत ३१ वर्षे नोकरी केली आणि अखेरची काही वर्षे निवड समितीवरही बसले. टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, तेवढ्याच अधिकाराने बोलते.

जो तो सांगतो की, योग्य नोकरीसाठी अर्ज करावा. पण योग्य कोणाच्या मते? १९५१ साली अन्ना राजम जॉर्ज नावाची केरळची तरुणी भारतीय प्रशासन सेवेच्या मुलाखतीस गेली. लोकसेवा आयोगाच्या मंडळींनी तिला समजावले की, परराष्ट्र सेवा किंवा मध्यवर्ती सेवा बायकांना अधिक योग्य, तू ती घे. ती बधली नाही. आपल्याला प्रशासन सेवाच हवी असे सांगून तिने ती घेतली. लग्न झाल्यास नोकरी संपेल, अशी अट त्या काळी नेमणुकीच्या पत्रातच होती. पुढे तो नियम गेला, त्यांचे लग्नही झाले, आणि मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची धुरा याच अन्ना राजम मल्होत्रांनी वाहिली. १९८९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. तेव्हा एखादी नोकरी आपल्याला योग्य की अयोग्य हे दुसऱ्याने ठरवण्याआधी आपण स्वतः ठरवलेले असावे, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

आणि हे ठरवावयाचे ते घरात बसून, जाहिरात पुढे घेऊन. आपल्या जिल्ह्यातील साधी गोष्ट घ्या. काम जिंतूरला आहे, आपण राहतो परभणीत. सकाळची गाडी किती वाजता पोचते, संध्याकाळची शेवटची कोणती, ती चुकली तर काय, हे आधी पाहिले का? १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, त्याने महिन्याचा खर्च पुष्कळ हलका झाला. पण अर्ध्या तिकिटाने गाडी लवकर येत नाही! सेलू, पूर्णा, गंगाखेड ही गावे रेल्वेवर आहेत, तेथील काम मिळाले तर रेल्वेचे वेळापत्रक पाहावे. पगारातून जाणे-येणे आणि मूल सांभाळणाऱ्या बाईंचे पैसे वजा केल्यावर हाती काय उरते, हे गणित पेन्सिलीने मांडावे. ते मांडूनही नोकरी करावीशी वाटली तर ती योग्य.

जाहिरात दोनदा वाचावी. पहिल्या वाचनात आपण पगार पाहतो. दुसऱ्या वाचनात अटी दिसतात. अंगणवाडी सेविकेचेच पाहा. २०२३ च्या निकषांप्रमाणे ती बारावी उत्तीर्ण हवी, वय १८ ते ३५, विधवा असल्यास ४० पर्यंत, आणि ती त्याच गावची रहिवासी हवी. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने सासरी नांदत असताना माहेरच्या गावी अर्ज केला, कारण तिथे जागा निघाली होती आणि आधारवर अजून माहेरचाच पत्ता होता. गुण चांगले होते, पण रहिवासाच्या अटीवर अर्ज बाद झाला. लिपिक-टंकलेखकाच्या जागेस पदवी असून भागत नाही. मराठी टंकलेखन मिनिटास ३० किंवा इंग्रजी ४० शब्द या गतीचे प्रमाणपत्र लागते. ते जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत मिळत नाही, त्याला वर्ष आधी बसावे लागते. सरकारी नोकरीस लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली असेल तर २००५ च्या नियमांनी ती वाट बंद होते. हे कित्येकींना शुल्क भरल्यानंतर कळते.

आता कागदपत्रे. पुरुषाचे नाव जन्मापासून निवृत्तीपर्यंत एकच राहते. आपले दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे, आधारवर नवऱ्याचे, बँकेत आणखी तिसऱ्या तऱ्हेचे असते. सासरी हौसेने नाव बदलले असेल तर विचारूच नका. तपासणीच्या दिवशी टेबलामागचा मनुष्य विचारतो, या दोन बाया एकच कशावरून? तो दुष्ट नसतो, त्याला फायलीत कागद लावायचा असतो. तो कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावातील बदलाचे राजपत्र. लग्न होऊन दहा वर्षे झाली तरी नोंदणी नाही, अशी घरे या सभागृहातही असतील. उद्याच ग्रामपंचायतीत किंवा महानगरपालिकेत चौकशी करा.

जातीच्या दाखल्याबाबत पुष्कळ गैरसमज आहे. जात जन्माने धरली जाते, लग्नाने बदलत नाही. म्हणून पुरावे माहेरचे लागतात, आणि ते आणावयास वडील किंवा भाऊ यांची मदत लागते. आपल्या भागात त्याला आणखी एक गुंता आहे. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधीच्या दाखल्यांवर 'वसमत, जिल्हा परभणी' असे लिहिलेले असते आणि दूरच्या कार्यालयातील नवख्या कारकुनास ते चुकीचे वाटते. जात पडताळणीसाठी जुन्या नोंदी शोधू गेले तर त्या निजामाच्या काळच्या, कधी उर्दूत तर कधी मोडीत निघतात. वाचणारा मिळेपर्यंत महिने जातात. तेव्हा पडताळणी निवड झाल्यावर पाहू, असे म्हणू नये.

एक अगदी लहान गोष्ट सांगते, पण तिने पुष्कळ जणींचे नुकसान झालेले मी पाहिले आहे. अर्ज आता संगणकावर भरावे लागतात. आपण नेट कॅफेत जातो, दुकानदार विचारतो, 'मोबाइल नंबर?' आपण नवऱ्याचा किंवा भावाचा देतो. ई-मेलचा पत्ता तर दुकानदारच स्वतःचा घालतो. पुढे परीक्षेचे पत्र येते ते त्या पत्त्यावर, ओ.टी.पी. जातो तो भावाच्या फोनवर, आणि भाऊ असतो पुण्यास. स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ई-मेल असल्याशिवाय अर्ज भरू नये. पासवर्ड वहीत लिहून ठेवावा, आणि ती वही कपाटात कुठे आहे हे निदान आपल्याला तरी माहीत असावे!

मुलाखतीकडे वळते. ती आता सर्वत्र राहिलेली नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. अशा ठिकाणी परीक्षेचे गुण हेच सर्व काही. परंतु खाजगी शाळा, दवाखाने, दुकाने, पतसंस्था, बँकांतील अधिकाऱ्यांच्या जागा आणि कंत्राटी पदे यांना मुलाखत असतेच. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, कृषी विद्यापीठ तर १९७२ पासून आहे. अशा ठिकाणी तात्पुरत्या जागांसाठी थेट मुलाखतीच्या जाहिराती निघतात, तिकडे लक्ष असू द्यावे.

समितीवर बसले असताना एका गोष्टीचे मला नेहमी वाईट वाटे. उमेदवार बाईला विचारावे, 'शिक्षण झाल्यावर मधली सात वर्षे काय केले?' आणि तिने मान खाली घालून म्हणावे, 'काही नाही, घरीच होते.' हिशेबाच्या कामासाठी आलेल्या अशाच एका बाईला मी सहज पुढे विचारले, तर कळले की ती बचत गटाची सचिव होती. दर महिन्याच्या बैठकीचे इतिवृत्त तिच्या हाताचे, अंतर्गत कर्जाचे खाते तिच्याकडे, बँकेत व्यवस्थापकाशी बोलणारी तीच. सात वर्षांत एका रुपयाचा घोळ नाही. हे तिच्या अर्जात एका ओळीनेही नव्हते! त्या वेळी निवड दुसरीची झाली; ती लेखी परीक्षेत पुढे होती आणि तो निर्णय बरोबरच होता. पण पुढच्या ठिकाणी या बाईने अर्जासोबत गटाच्या ठरावाची प्रत लावली आणि तिला ते काम मिळाले.

'घरीच होते' हे उत्तर मला आपल्या मंडळातून हद्दपार झालेले पाहायचे आहे. खोटे सांगा असे मी म्हणत नाही. पापडाचा धंदा केला असेल तर किती किलो, किती गिऱ्हाईक, पैसे कसे वसूल केले हे सांगा. आजारी सासऱ्यांचे दोन वर्षे औषधपाणी केले असेल आणि काम दवाखान्यातील असेल, तर तेही सांगण्यासारखे आहे. लग्नात चारशे माणसांसमोर उखाणा घेताना आपला आवाज खणखणीत असतो. तीन माणसांसमोर तो कुठे जातो कोण जाणे.

तयारी म्हणजे पाठांतर नव्हे. जेथे जायचे ती संस्था काय करते हे विचारून घ्यावे. 'स्वतःविषयी सांगा' याला दोन मिनिटांत संपेल असे उत्तर शेजारणीसमोर मोठ्याने बोलून पाहावे. शिक्षिकेच्या जागेस बहुधा एक पाठ घ्यावयास लावतात. तो कोणताही असो, फळ्यावरचे अक्षर पाहिले जाते. मूळ कागद एका क्रमाने, प्रती वेगळ्या. कपडे नेहमीच्या वापरातले, धुतलेले, ज्यात वावरताना अवघडल्यासारखे होत नाही असे. नवी कोरी साडी त्या दिवशी नको, निऱ्या सावरण्यातच लक्ष जाते. येत नाही ते 'माहीत नाही' म्हणून सांगावे. समितीला ते आवडते, निदान मला आवडत असे.

'लग्न कधी?' आणि 'मुले लहान आहेत, मग कसे करणार?' हे प्रश्न पुरुष उमेदवाराला कोणी विचारल्याचे मी ऐकले नाही, पण आपल्याला विचारतात. संविधानाच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत स्त्री म्हणून भेद करता येत नाही. खाजगी ठिकाणी वाद घालण्यापेक्षा शांतपणे सांगावे, 'मुलांची व्यवस्था केली आहे, मी वेळेवर येईन.' मात्र ती व्यवस्था खरोखर झालेली हवी, आणि येथे मी माझ्या वयाच्या भगिनींशी बोलते. सून मुलाखतीला निघाली की नेमके त्याच दिवशी आपले गुडघे दुखू लागतात, असे होऊ नये. नातवाला चार तास सांभाळण्यावर एका मुलीचे सगळे आयुष्य अवलंबून असू शकते. आपल्यातील कित्येकींना ते चार तास कोणी दिले नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगण्याचे धाडस करते.

आपणही विचारावे. पगार किती व कोणत्या तारखेस, नेमणुकीचे पत्र लेखी मिळेल का, बाळंतपणाची रजा आहे का? २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, फक्त ती कोणत्या आस्थापनांना लागू होते एवढे पाहावे. जेथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती हवी. ती आहे का, हेही विचारण्यास हरकत नाही.

आणि नोकरीसाठी पैसे मागणारा कोणीही असो, उठून यावे. माझ्या परिचयातील एका मुलीस एका ठिकाणी 'इमारत निधी' म्हणून जी रक्कम सांगितली ती तिच्या वडिलांच्या दोन एकरांच्या किमतीएवढी होती. बाप जमीन विकावयास निघाला होता, मुलीने नकार दिला. आज ती गावातच शिकवणी घेते. ती हरली, असे मला वाटत नाही. मात्र ती जागा पैसे देऊन कोणीतरी घेतली असेल, याची चीड अजून जात नाही.

कार्यकारिणीने परवानगी दिली आहे, म्हणून सांगते. पुढील महिन्यापासून दर दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता याच सभागृहात आपण एकमेकींच्या मुलाखती घेऊ. तीन जणी समिती होतील, चौथी उमेदवार. येताना मूळ कागद आणा आणि प्रती आदल्या दिवशीच काढून ठेवा, कारण कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान शनिवारी दुपारी बंद असते.