शय्याव्रण आणि रुग्णाचे ताट
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी एका अप्रिय विषयावर बोलणार आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीवर, माकडहाडावर, टाचांवर जी जखम होते तिला शय्याव्रण म्हणतात. या विषयाची निवड मी डॉक्टर म्हणून केलेली नाही, मुलगा म्हणून केली आहे.

माझ्या मातोश्री ७८ व्या वर्षी पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. भेटीस येणारा प्रत्येक जण शहाळे, मोसंबीचा रस आणीत असे. नवव्या दिवशी परिचारिकेने मला माकडहाडावरील लाल डाग दाखविला. बोटाने दाबला तरी तो फिका पडत नव्हता. तिने विचारले, "डॉक्टरसाहेब, आई काल किती जेवल्या?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. क्ष-किरण चित्रे मी रोज पाहिली होती, ताट एकदाही पाहिले नव्हते. आईंचा चौविहार होता आणि रुग्णालयाचे रात्रीचे जेवण साडेसात वाजता येई. ते जसेच्या तसे परत जात असे. कोणाचेही तिकडे लक्ष गेले नाही. तो डाग पुढे जखम झाला व ती भरून येण्यास तीन महिने लागले.

असे का घडते? हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा सतत दाबली गेली की तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होतात व पेशी मरू लागतात. कुपोषित रुग्णाच्या हाडांवरील मांसाचे अस्तर आधीच झिजलेले असते आणि झीज भरून काढण्यास लागणारी प्रथिने शरीरात अपुरी असतात. म्हणूनच दाब तोच असला तरी अशा रुग्णाची त्वचा लवकर हार मानते.

मग पूरक आहाराने शय्याव्रण टळतो काय? २००० साली फ्रान्समधील एका अभ्यासात ६५ वर्षांवरील ६७२ गंभीर आजारी रुग्णांचे निरीक्षण झाले. काही रुग्णांना नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त रोज दोन वेळा, प्रत्येकी २०० कॅलरींचे पूरक पेय दिले. पंधरा दिवसांत त्यांच्यापैकी शेकडा सुमारे ४० जणांना शय्याव्रण झाले. पूरक न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४७ होते. लाभ दिसला, परंतु तो माफक होता. २०२४ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हाही पूरक आहाराचा लाभ अनिश्चितच असल्याचे नमूद केले. डब्यातील भुकटी म्हणजे रामबाण उपाय, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. मात्र ज्याचे पोषण खरोखर कमी आहे, त्याची तूट भरून काढलीच पाहिजे, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद नाही.

तूट किती, हे मोजता येते. कुपोषित व शय्याव्रणाचा धोका असलेल्या प्रौढास दर किलो वजनामागे रोज ३० ते ३५ कॅलरी आणि १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची शिफारस आहे. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजींना सुमारे १५०० ते १७५० कॅलरी आणि ६२ ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. शहाळ्याच्या पाण्यात प्रथिने नाममात्र असतात. डाळीच्या वरच्या पाण्याचीही तीच गत. याउलट पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, पन्नास ग्रॅम कोरड्या डाळीत अकरा-बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. घट्ट वरण, दही, पनीर, दुधातील खीर हे आपल्या स्वयंपाकघरातील पदार्थ उपयोगी पडतात. तेवढे खाणे जमत नसेल तेव्हा पूरक भुकटी घ्यावी. डब्यावरील हिरवे चिन्ह अवश्य पाहावे, कारण काही पूरकांत कोलॅजेन असते व ते प्राणिज असते. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असल्यास हे सारे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.

सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या रुग्णाविषयी पहिल्याच दिवशी आहारतज्ज्ञांना सांगावे. संध्याकाळचे ताट पाच वाजता मागून घ्यावे आणि पूरक पेयाच्या वेळा दिवसा ठरवाव्यात. नियम पाळूनही पोषण होऊ शकते. फक्त कोणीतरी ती व्यवस्था करावी लागते.

आहाराने कूस बदलण्याचे काम होत नाही, हेही विसरू नये. परिचारिका सांगेल त्या अंतराने, साधारणतः दर दोन-तीन तासांनी, रुग्णाची कूस बदलावी. त्वचा कोरडी व स्वच्छ ठेवावी. लाल झालेली जागा तेल लावून चोळू नये. त्याने इजा वाढते. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तेथे ऊब वा कडकपणा हाताने तपासावा.

आपल्या परंपरेत वैयावृत्य, म्हणजे सेवा, हे आभ्यंतर तप मानले आहे. रुग्णास भेटावयास जाल तेव्हा शहाळे अवश्य न्या. परंतु आधी विचारा, काल ताटात काय वाढले होते आणि किती परत गेले? हातातील बांगड्या सैल तर झाल्या नाहीत ना? हा प्रश्न मी वेळेवर विचारला नाही. आपण विचारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!