जेवणं झाल्यावर आकड्यांचा खेळ

वावरातून आलात, चूल-भांडी आटोपली, आता रेडिओ लावून जरा टेकल्या असाल. आज आम्ही हप्ता, कर्ज, बैठक हे विषय काढणार नाही. मधे थोडं येईलच, आमच्या तोंडी तेच बसलंय. पण आज सांगायचाय तो खेळ. लेकरू जवळ असेल तर त्याला वहीचं मागचं पान आणि पेन घेऊन बसवा.

आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. तोच आकडा घेऊ, १९९९. याचे चार अंक मोठ्याकडून लहानाकडं मांडा, ९९९१ झाले. लहानाकडून मोठ्याकडं मांडा, १९९९. मोठ्यातून लहान वजा करा. आले ७९९२. आता याच्यावर परत तेच करायचं. ९९७२ मधून २७९९ गेले, राहिले ७१७३. पुढं ७७३१ वजा १३७७, ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ काढले, ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ केले की येतात ६१७४.

आता ६१७४ चं करून बघा. ७६४१ वजा १४६७. परत ६१७४! पुढं हलायलाच तयार नाही.

तुम्ही कोणताही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तो ६१७४ वर येऊन थांबतो. मोबाइलचे शेवटचे चार अंक घ्या, गाडीचा नंबर घ्या. वजाबाकीत शून्य पुढं आला तर तो टाकायचा नाही, चार अंक कायम ठेवायचे, एवढं लेकरांना बजावा. तिथंच गडबड होते.

हे शोधलं कुणी? आपल्याच महाराष्ट्रातल्या एका मास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवलं. बीएस्सीच्या पुढची पदवी नव्हती. शाळा सुटल्यावर कागद आणि पेन्सिल घेऊन आकड्यांशी खेळत बसायचे. हा ६१७४ त्यांना १९४९ साली सापडला. आपल्याकडं बरेच दिवस लोकांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मोठ्या मासिकात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. आज त्या आकड्याला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. काही आकड्यांना त्यांनी ‘हर्षद’ असं नाव दिलं, म्हणजे आनंद देणारे. अंकांची बेरीज करा, त्या बेरजेनं मूळ आकड्याला पूर्ण भाग गेला तर तो हर्षद. जसं १८. एक आणि आठ नऊ, आणि नऊ दुणे अठरा. घरात कुणाचं वय हर्षद आहे ते शोधायला लावा, सासूबाईंपासून सुरुवात करा. बघा कशी पळापळ होते.

लहान लेकराला चार अंक जड जातात. त्याला तीन अंकी द्या. ३२१ वजा १२३, १९८. तसंच पुढं नेलं की ते ४९५ वर थांबतं. वजाबाकीचा सराव आपोआप होतो आणि “अभ्यास कर” म्हणून ओरडावं लागत नाही.

आमच्या एका गटात बैठक संपल्यावर दहा मिनिटं हा खेळ चालायचा. सोबत आलेली लेकरंच पहिली बसायची. त्यातल्या सातवीतल्या एका पोरीनं एक गोष्ट पकडली. वजाबाकीचं जे उत्तर येतं, त्याच्या अंकांची बेरीज करत गेलं की शेवटी नऊच येतो. ७९९२ घ्या. सात, नऊ, नऊ, दोन मिळून सत्तावीस. दोन आणि सात, नऊ. दर वेळी तसंच. आम्ही म्हटलं, असं का? मग समजलं. सहा हा अंक दहाच्या घरात असला तर त्याचे साठ होतात, एकाच्या घरात आला तर नुसते सहा. जागा बदलली की फरक पडतो तो नऊच्या पाढ्यातलाच.

पुढच्याच महिन्यात त्या गटाच्या पेटीत २७० रुपये कमी भरले. पुस्तक सांगतंय एक, पैसे दुसरेच. लिहिणारी बाई नवीन लग्न होऊन आलेली सून, बारावी झालेली. कुणी उघड बोललं नाही, पण नजरा बोलत होत्या. तिची सासू म्हणाली, उद्यापासून ही येणार नाही. गटात तीन जणींनाच नीट लिहिता येत होतं. ती गेली असती तर गट हलला असता, आणि त्या सुनेच्या नावावर गावात जे चिकटलं असतं ते निघालं नसतं.

तीच पोरगी आईच्या मांडीला टेकून बसली होती. म्हणाली, दोन, सात, शून्य, नऊ होतात की! मग सगळ्या जणी पासबुकं घेऊन बसल्या. अकरावं पासबुक उघडलं. त्या ताईंनी ३६० रुपये भरले होते, त्यांच्या पासबुकात ३६० च होते. गटाच्या वहीत ६३० लिहिले गेले होते. तीन आणि सहानं जागा बदलली, बास. सून रडली नाही, पण पेन हातात घेऊन बराच वेळ गप्प बसली.

ही युक्ती जुने मुनीमही वापरायचे. फरकाला नऊनं भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल आधी शोधा. जमेची रक्कम नावे पडली असेल तर फरक दुप्पट होतो, म्हणून फरकाच्या निम्म्याची नोंद शोधा. यानं चूक सापडेलच असं नाही, पण कुठून बघायला लागायचं ते कळतं. आणि माणसावर बोट दाखवायच्या आधी वही बघितली जाते.

आता ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या म्हणतील, आमचं काय? पेपरच्या पुरवणीत सुडोकू येतं ना, ते आम्ही दाण्यांवर खेळतो. नाव जपानी असलं तरी आजच्या रूपातलं हे कोडं १९७९ साली अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. त्यात बेरीज-वजाबाकी काहीच नसते. जमिनीवर खडूनं सोळा घरं आखा, चार आडवी, चार उभी. मधे दोन जाड रेघा मारा, म्हणजे चार-चार घरांचे चार चौक होतील. तूर, मूग, हरभरा, ज्वारी, प्रत्येकाचे चार दाणे घ्या. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि चौकात प्रत्येक दाणा एकदाच आला पाहिजे. कोडं तयार करणारीनं आधी सोळाही घरं नीट भरून घ्यायची आणि मग एकेक दाणा उचलत जायचं. सहा-सात उरले की थांबा. एका आजींना आम्ही हे दाखवलं, तर तिसऱ्या दिवशी नातवाला त्याच कोडी घालायला लागल्या. दाणे निवडण्यात उभा जन्म गेलेला, त्यांची नजर पोरांच्या आधी पोचते.

आणि एक. कोडं निघालं की मुलगी भांड्यांकडं आणि मुलगा वहीकडं, असं होऊ देऊ नका. भांडी दोघांनी मिळून आधी आटपा. भास्कराचार्यांनी साडेआठशे वर्षांपूर्वी ‘लीलावती’ लिहिली, त्यातली काही गणितं ‘बाले’ अशी हाक मारून पोरीलाच विचारलीत. पाहुण्यांसमोर लेकराला उभं करून कोडं विचारू नका, त्याची परीक्षा होते. येत नसेल तर सांगून टाका, नाहीतर रात्रभर जागेल.

जाता जाता त्याच आजींनी घातलेलं एक कोडं. व्यापाऱ्याकडं चाळीस शेराचा, म्हणजे एक मणाचा, दगड होता. हातातून पडला आणि त्याचे चार तुकडे झाले. व्यापारी रडायला लागला, तर त्याची बायको म्हणाली, रडता कशाला? आता या चार तुकड्यांवर एक शेरापासून चाळीस शेरापर्यंत कोणतंही वजन करता येईल, एकही शेर चुकणार नाही. तर ते चार तुकडे किती-किती शेराचे? एक खूण देतो. दगड तराजूच्या दोन्ही पारड्यांत ठेवता येतात, मालाच्या बाजूलाही. सगळ्यात लहान तुकडा एक शेराचा आहे. उरलेले तीन घरच्यांनी मिळून शोधा, पुढच्या भागात उत्तर सांगू.