पुडी उलटून पाहा



आपल्या जळगाव जामोद तालुक्याचा पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या खाऱ्या पाण्याने केस राठ होतात. साबण लावला तर आणखीनच चिकटतात. मग दुकानात कंडिशनरची पुडी दिसते. केस धुतल्यावर ते लावायचे नि पाण्याने काढून टाकायचे. केस मऊ होतात, हे खरे.

पुष्कळ पुड्यांत सिलिकोन असते. ते काही विष नव्हे, बरे का! पण केसांवर त्याचा पातळ थर बसतो. नुसत्या शिकेकाईने तो लवकर निघत नाही. असा थर नको असेल तर पुडी उलटून पाहा. मागची नावे इंग्रजीत, अगदी बारीक असतात. शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. डायमेथिकोनसारखे ‘कोन’ शेवटी असलेले नाव आले, की समजा सिलिकोन आहे. ‘सिलोक्सेन’ म्हणजेही तेच. किंमतीचा आकडा मात्र आपला आपणच वाचायचा!

आम्हाला विचाराल तर आधी घरचे जवस काढा. चमचाभर जवस कपभर पाण्यात उकळा. पाणी बुळबुळीत झाले, की गरम आहे तोवर फडक्यातून गाळा. निवल्यावर धुतलेल्या केसांना लावा, थोड्या वेळाने धुऊन टाका. उरलेले साठवू नका, ते आंबते.

केस गळणे ही गोष्ट मात्र निराळी. २०२५ च्या सुरुवातीला आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत, लोकांचे केस एकाएकी गळाले. तसे झाले तर पुडी नको, जवसही नको. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.