खंदक
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



‘शैक्षणिक सहलींचे महत्त्व’ या विषयावर मी बोलावे असे मला सांगण्यात आले आहे. पण सहलीचे फायदे तुमची मुले निबंधात माझ्यापेक्षा चांगले लिहितात. तेव्हा मी फक्त एका सहलीतल्या एका प्रश्नाविषयी बोलतो. गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन आम्ही दौलताबादला गेलो होतो. खंदकावरच्या पुलावर एका मुलाने माझी बाही ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारले, “सर, हा किल्ला आपला की त्यांचा?”

प्रश्न विचारला याचे मला काही वाटले नाही. तो हळू आवाजात विचारावा लागला, हे मात्र बोचले. मागे रांग खोळंबली होती. “आधी सगळा बघ, मग बोलू,” एवढेच मी म्हणालो. ते बोलणे आज पुरे करतो.

प्रथम खंदक. हा शब्द आपण मराठीत इतका सहज वापरतो की तो कुठून आला याचा विचारही करीत नाही. फारसीत ‘कंदन’ म्हणजे खणणे. त्यावरून अरबीत ‘खंदक’ झाला आणि तिथून तो आपल्याकडे आला. हिजरी सन ५ मध्ये, म्हणजे इ. स. ६२७ मध्ये, सुमारे दहा हजारांची फौज मदीनेवर चालून आली. आत लढणारे जेमतेम तीन हजार. शहराच्या इतर बाजूंना काळ्या लाव्ह्याचे खडकाळ पट्टे, खजुरीच्या बागा आणि दाट घरे होती. उत्तरेची बाजू उघडी होती. तेव्हा हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी सुचविले की, आमच्या मुलखात अशा वेळी खंदक खणतात. अरबस्तानात ही रीत नव्हती. सलमान (रजि.) इराणचे, मदीनेत गुलामीत दिवस काढलेले. तरीही त्यांचे म्हणणे मानले गेले आणि रसूलल्लाह (स.) यांनी स्वतः भुकेल्या पोटी माती वाहिली. घोडेस्वार काठावर येऊन थांबले. एकदोघांनी घोडे उडवून पाहिले, पण फौज काही पार होऊ शकली नाही. थंडी, वारा आणि आपसांतला अविश्वास यांनी वेढा उठला.

आता पुन्हा दौलताबाद. याचे जुने नाव देवगिरी, यादवांची राजधानी. डोंगर सुमारे सहाशे फूट उंच, आणि त्याचा खालचा भाग सर्व बाजूंनी छिन्नीने असा उभा तासला आहे की घोरपडीलाही नखे रोवता येऊ नयेत. पायथ्याशी खडकातच कोरलेला खोल खंदक. त्याच्या बाहेर एकामागून एक कोट : कालाकोट, महाकोट आणि सर्वांत बाहेर अंबरकोट. दरवाजांच्या फळ्यांवर लोखंडी खिळे आहेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. एका दरवाजातून आत शिरलात की समोर भिंत. वळावे लागते, आणि वळताना तुमची कूस वरच्या तिरंदाजाकडे होते. मुलांना मी मुद्दाम धावत जायला सांगितले. कुणालाच सरळ धावता आले नाही! खंदक ओलांडला की ‘अंधारी’ लागते. डोंगराच्या पोटातून वर चढणारा वळणावळणाचा काळाकुट्ट बोगदा. वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून आत धूर कोंडण्याची सोय होती. चौदाव्या शतकात इथे येऊन गेलेल्या इब्न बतूताने इथल्या तुरुंगातल्या उंदरांविषयी लिहिले आहे की, ते मांजरापेक्षा मोठे होते. मुलांना सर्वांत जास्त हेच लक्षात राहिले, हे कबूल करतो.

इतकी तयारी असूनही किल्ला पडला. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी आला तेव्हा आत घाईने नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे परंपरा सांगते. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली, हे तुमच्या पुस्तकात आहे. १३४७ मध्ये दिल्लीविरुद्ध बंड करून बहमनी राज्याचा पहिला सुलतान इथेच तख्तावर बसला. पुढे निजामशाही आली. हबशी मलिक अंबर हा लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. पण तो निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने मोगलांना वर्षानुवर्षे दक्षिणेत अडवून धरले. तो १६२६ मध्ये वारला. १६३३ मध्ये शाहजहानचा सरदार महाबतखान याने किल्ल्याला वेढा घातला, सुरुंगांनी तट उडविले. आत मलिक अंबरचा मुलगा फतहखान होता. दाणागोटा संपला आणि त्याने किल्ला सोडला. वेढा घालणारा मुसलमान, आत कोंडलेला मुसलमान आणि मराठे सरदार दोन्ही बाजूंना! मग ‘आपला’ कोण, हे त्या वेळच्या शिपायाला विचारले असते तर ज्याचे मीठ खातो तो, असेच त्याने सांगितले असते.

वर ‘मेंढा’ तोफ आहे. तिच्यावर ‘किलाशिकन’ म्हणजे किल्ला फोडणारी असे नाव कोरले आहे. तिच्याजवळच चिनी महाल. गोवळकोंड्याचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला १६८७ नंतर मरेपर्यंत इथे कैदेत ठेवले होते. त्याच्या गोवळकोंड्याने आठ महिने टक्कर दिली; शेवटी त्याच्याच एका अधिकाऱ्याने रात्री दरवाजा उघडला.

त्या मुलाला परतीच्या गाडीत मी विचारले, “खडक कुणी तासला?” तो म्हणाला, “पाथरवटांनी.” “त्यांची नावे?” तो गप्प झाला. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, “सर, त्यांची मुले शाळेत जात असतील का?” माझ्याकडे याचे उत्तर नव्हते आणि आजही नाही. पण पुढचा सगळा रस्ता तो मोठ्याने बोलत होता, हे सांगण्यासारखे आहे.

आता पालकांशी दोन शब्द. त्या सहलीत एकवीस मुलगे होते आणि मुली फक्त चार. नावे अकरा मुलींनी दिली होती. सात घरांतून आदल्या दिवशी निरोप आला. काही घरांत पैशांची अडचण होती, ती आधी कळली असती तर वाट काढता आली असती. बाकीच्या घरी अडचण कोणती होती ते तुम्ही जाणता. यंदाची सहल जानेवारीत आहे. दोन शिक्षिका सोबत असतील, आणि ज्या मातांना यायचे असेल त्यांच्यासाठी गाडीत जागा राखून ठेवली आहे. नावे शुक्रवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत. प्रत्येकाने टॉर्च आणावी. अंधारीत फार काळोख असतो.